एक्स्प्लेनर : घरातल्या वागणुकीचा तारणाशी संबंध काय? ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट दोघांनाही हवे असलेले जॉन क्रिसोस्टम कोण होते?

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कपाळावर चिखलाचा टिळा, हातात घंट्या आणि लाल दोरा. हे वर्णन आपल्याकडच्या एखाद्या गावातलं वाटेल, पण ते चौथ्या शतकातल्या अँटिओक शहरातलं आहे. म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या, ज्याची २०२३च्या भूकंपात प्रचंड हानी झाली. तिथल्या चर्चमध्ये एक किडकिडीत धर्मगुरू या प्रथांवरून पालकांना भर सभेत फैलावर घ्यायचे. लग्नातला खर्च, नवरा-बायकोची भांडणं, मुलांचे लाड, काहीच त्यांच्या प्रवचनातून सुटायचं नाही.

या धर्मगुरूंचं नाव जॉन. त्यांच्या वक्तृत्वामुळे पुढे लोक त्यांना ‘क्रिसोस्टम’ म्हणू लागले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुवर्णमुखी. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक रविवारी जी उपासना होते, ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. प्रोटेस्टंट पंथाच्या सुरुवातीच्या नेत्यांनीही त्यांचे ग्रंथ बारकाईनं वाचले. मात्र माणसाचं तारण कसं होतं, या प्रश्नावर या दोन पंथांचं पटत नाही. मग दोघांनाही जॉन आपले का वाटतात? त्यासाठी आधी त्यांचं आयुष्य पाहू.

वयाच्या विसाव्या वर्षी विधवा झालेली आई

जॉन यांचा जन्म साधारण ३४९ च्या सुमारास अँटिओकमध्ये झाला. त्या वेळी हे रोमन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. वडील सेकुंदुस सरकारी नोकरीत होते. जॉन तान्हे असतानाच ते वारले. आई अँथुसा तेव्हा अवघ्या वीस वर्षांची होती. त्या काळात तरुण विधवेवर पुन्हा लग्न करण्यासाठी चहूबाजूंनी दबाव यायचा. अँथुसानं लग्न केलं नाही. घर, मालमत्ता, कर, नोकरचाकर हे सगळं सांभाळत तिनं मुलाला उत्तम शिक्षण दिलं.

जॉन वक्तृत्व शिकले ते लिबानिअस या नामवंत शिक्षकाकडे. लिबानिअस ख्रिस्ती नव्हते, जुन्या ग्रीक देवतांना मानणारे होते. वकिली किंवा दरबारातली मोठी नोकरी जॉन यांना सहज मिळाली असती, पण त्यांचं मन संन्यासाकडे ओढ घेत होतं. जिवलग मित्रासोबत घर सोडायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा आईनं त्यांचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. जिथं त्यांना जन्म दिला त्याच पलंगावर बसून तिनं एकच मागणं मागितलं. एकदा वैधव्य भोगून झालं आहे, ते दुसऱ्यांदा वाट्याला देऊ नकोस. मी गेल्यावर हवं तिकडे जा. हा प्रसंग जॉन यांनी स्वतःच पुढे आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे.

तेव्हा ते थांबले. नंतर मात्र ते डोंगरात गेलेच. चार वर्षं एका वृद्ध संन्याशाच्या हाताखाली आणि मग दोन वर्षं गुहेत एकटे. जागरणं, थंडी आणि उपासमारीनं त्यांचं पोट आणि मूत्रपिंड कायमचं बिघडलं. शेवटी प्रकृतीमुळेच त्यांना शहरात परतावं लागलं. ३८१ मध्ये ते डीकन झाले आणि ३८६ मध्ये धर्मगुरू.

पुतळे फोडणारं शहर

३८७ च्या सुरुवातीला सम्राट थिओडोसिअस यांनी नवा कर लादला आणि अँटिओक पेटलं. जमावानं सम्राट आणि राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे पाडून रस्त्यावरून फरफटत नेले. त्या काळी हा थेट राजद्रोह होता. पकडापकडी झाली, काहींना मृत्युदंड झाला. स्नानगृहं आणि नाट्यगृहं बंद पडली. आता सैन्य येऊन शहर बेचिराख करणार, अशी भीती पसरली.

वृद्ध बिशप फ्लेव्हियन दयेची याचना करायला राजधानी कॉन्स्टँटिनोपलकडे निघाले. मागे राहिलेल्या घाबरलेल्या शहराला धीर देण्याचं काम जॉन यांच्यावर आलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांनी प्रवचनांची मालिकाच चालवली. त्यांतली बरीचशी राजकारणाबद्दल नव्हतीच. शपथा घेऊ नका, शेजाऱ्याशी वैर धरू नका, रागाच्या भरात बोलू नका, असाच त्यांचा सूर होता. अखेर सम्राटानं माफी दिली. शहर वाचलं आणि जॉन यांचं नाव सर्वदूर झालं.

घरासाठी त्यांनी काय सांगितलं?

जॉन यांनी स्वतः संसार केला नाही. तरीही त्यांच्या प्रवचनांत घर सारखं येतं. प्रत्येक घर म्हणजे एक छोटं चर्च, असं ते मानत. त्यांच्या सल्ल्यांचा सारांश असा :

• नवरा-बायको : बायकोला धाक दाखवून वागवू नये. भीतीनं गुलाम बांधता येतो, आयुष्याची जोडीदार नाही. तिच्यावरचं प्रेम तिला बोलून दाखवावं, चारचौघांत तिचं कौतुक करावं. पैशांच्या बाबतीत माझं-तुझं ही भाषाच नसावी.

• लग्न ठरवताना : मुलीच्या बापाची संपत्ती पाहू नये, स्वभाव पाहावा. पैशासाठी केलेलं लग्न हा व्यवहार होतो.

• लग्नसोहळा : भाड्यानं आणलेले नाचणारे आणि अचकट-विचकट गाणी नकोत. त्याऐवजी गरिबांना जेवायला बोलवावं.

• मुलांना मार : छडीची भीती असावी, पण छडी रोज उगारू नये. मार अंगवळणी पडला की मुलाला त्याचं काही वाटेनासं होतं.

• गोष्टी : रात्रीच्या जेवणानंतर मुलाला बायबलमधली गोष्ट सोप्या भाषेत सांगावी. काही दिवसांनी तीच गोष्ट त्याच्याकडून ऐकावी. चर्चमध्ये ती वाचली जाईल त्या दिवशी त्याला सोबत न्यावं. ओळखीची गोष्ट ऐकून मूल खूश होतं.

• रागावर ताबा : नोकराच्या हातून मुलाची लेखणी मोडली, तर मुलानं आरडाओरडा करू नये, हे घरातच शिकवावं. आपली कामं आपण करायची सवयही लावावी.

• नाव ठेवणं : अँटिओकमध्ये काही घरांत अनेक दिवे लावून प्रत्येकाला एक नाव देत. जो दिवा सर्वांत जास्त वेळ तेवेल त्याचं नाव बाळाला, म्हणजे बाळ दीर्घायुषी होईल अशी समजूत. जॉन यांना हे मुळीच मान्य नव्हतं. नाव संतांचं ठेवावं, म्हणजे मुलासमोर आदर्श राहील, असं ते सांगत.

यातले काही सल्ले आजच्या पालकत्वाच्या पुस्तकात खपून जातील. पण जॉन त्यांच्या काळाचेच होते, हेही लक्षात ठेवायला हवं. नवरा हा घराचा प्रमुख आणि बायकोनं त्याचं ऐकावं, ही चौकट त्यांनी कधी मोडली नाही. लेखणी मोडणारा तो नोकर प्रत्यक्षात गुलाम होता. गुलामांना नीट वागवा, असं ते सांगत, पण अशा घरांची व्यवस्थाच त्या काळी गुलामीवर उभी होती.

राजधानीत काय बिनसलं?

३९७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपचं पद रिकामं झालं. दरबारातला ताकदवान मंत्री युट्रोपिअस यानं जॉन यांचं नाव पुढे केलं. अँटिओकचे लोक त्यांना सोडणार नाहीत, म्हणून त्यांना गुपचूप शहराबाहेर नेऊन थेट राजधानीत आणलं गेलं. फेब्रुवारी ३९८ मध्ये ते बिशप झाले.

बिशपच्या वाड्यावरच्या मेजवान्या त्यांनी बंद केल्या. ते एकटेच जेवत. वाचलेला पैसा रुग्णालयांकडे वळवला. पैसे देऊन पद मिळवणाऱ्या बिशपांना त्यांनी हटवलं. सामान्य लोक खूश होते, पण ज्यांच्या मेजवान्या आणि मिळकत गेली ते बिथरले.

३९९ मध्ये युट्रोपिअसची सत्ता गेली. चर्चमध्ये आश्रय घेण्याचा लोकांचा हक्क ज्यानं कमी करायचा प्रयत्न केला होता, तोच जीव वाचवायला चर्चमध्ये धावत आला. जॉन यांनी त्याला सैनिकांच्या हवाली करायला नकार दिला. मात्र तो वेदीपाशी थरथरत असताना, सत्ता किती क्षणभंगुर असते यावर त्यांनी प्रवचनही केलं. पुढे त्याला मृत्युदंड झालाच.

सम्राट अर्केडिअस यांची पत्नी युडोक्सिया सुरुवातीला जॉन यांच्या बाजूनं होती. पण श्रीमंत बायकांच्या नटण्या-मुरडण्यावरची टीका आपल्यालाच उद्देशून आहे, असं तिला वाटू लागलं. दुसरीकडे अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस टपूनच बसले होते. राजधानीच्या पदासाठी त्यांचा उमेदवार वेगळा होता. शिवाय त्यांनी हाकललेल्या इजिप्तच्या संन्याशांना जॉन यांनी आसरा दिला होता. ४०३ मध्ये थिओफिलस यांनी राजधानीजवळ धर्मसभा भरवली आणि जॉन यांच्या गैरहजेरीतच त्यांना पदावरून काढलं.

लोक रस्त्यावर उतरले. राजवाड्यावरही काही संकट कोसळलं आणि तो दैवी कोप समजून घाबरलेल्या युडोक्सियानं त्यांना परत बोलावलं. पण काही महिन्यांतच चर्चजवळ तिचा चांदीचा पुतळा उभारला गेला. त्या सोहळ्याच्या गोंगाटावर जॉन यांनी टीका केली आणि समेट संपला. जून ४०४ मध्ये त्यांना कायमचं हद्दपार करण्यात आलं. त्याच वेळी मुख्य चर्चला आग लागली आणि तिचा ठपका त्यांच्या समर्थकांवर ठेवून त्यांचा छळ झाला.

हद्दपारीत गेलेली शेवटची तीन वर्षं

त्यांना कुकुसुस या डोंगराळ गावात पाठवण्यात आलं. ते आजच्या तुर्कस्तानातलं गोक्सुन. कडाक्याची थंडी, दरोडेखोरांची भीती आणि आधीच खचलेली प्रकृती. तरीही तिथून ते पत्रं लिहीत राहिले. त्यांची सुमारे २४० पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांतली १७ ऑलिंपियास या एकाच स्त्रीला लिहिलेली आहेत. ती तरुणपणीच विधवा झालेली, अतिशय श्रीमंत आणि चर्चमध्ये डीकनपदावर असलेली स्त्री होती. जॉन गेल्यानंतर तीही छळात सापडली होती आणि निराश झाली होती. तब्येत सांभाळ, दुःखाला मनाचा ताबा घेऊ देऊ नकोस, असा धीर ते तिला देत होते.

ही पत्रं आणि भेटायला येणारी माणसं दरबाराला खुपली. ४०७ मध्ये त्यांना काळ्या समुद्राच्या टोकाला असलेल्या पिटिअस इथं हलवण्याचा हुकूम आला. ऊन असो वा पाऊस, सैनिक आजारी जॉन यांना चालवत राहिले. वाटेत कोमाना इथं १४ सप्टेंबर ४०७ रोजी त्यांचं निधन झालं. अखेरच्या क्षणी त्यांनी झाल्या-गेल्या सगळ्याबद्दल देवाचे आभार मानले, असं त्यांच्या चरित्रात नोंदवलेलं आहे.

४३८ मध्ये त्यांचे अवशेष सन्मानानं राजधानीत आणले गेले. तेव्हा सम्राट होता थिओडोसिअस दुसरा, म्हणजे युडोक्सियाचाच मुलगा.

तारणाबद्दल दोन पंथांचं म्हणणं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाप आणि मृत्यूच्या तावडीतून माणसाची सुटका होऊन त्याचं देवाशी नातं जुळणं, याला मराठी ख्रिस्ती मंडळी तारण म्हणतात. हे देवाच्या कृपेशिवाय होत नाही, यावर ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट दोघांचं एकमत आहे. मतभेद पुढे सुरू होतात.

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांच्यापासून झाली असं मानलं जातं. त्यांच्या मते माणूस केवळ विश्वासानं देवापुढे नीतिमान ठरतो. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या खात्यावर जमा होतं. सत्कर्मं हवीतच, पण ती तारणाची किंमत नाही, तारणाचं फळ आहे.

ऑर्थोडॉक्स परंपरेत तारण हा एका क्षणाचा निकाल नसतो, ती आयुष्यभर चालणारी वाटचाल असते. चर्च म्हणजे जणू दवाखाना आणि पाप म्हणजे आजार. देवाची कृपा औषध देते, पण ते घ्यायचं की नाही हे माणसाच्या हातात राहतं. विश्वास, प्रार्थना, उपवास, प्रभुभोजन आणि दानधर्म यांतून माणूस हळूहळू देवाच्या जीवनात सहभागी होतो.

घरातलंच उदाहरण घ्या. दत्तक घेतलेलं मूल कागद झाले त्या दिवसापासून त्या घरचं असतं. प्रोटेस्टंट विचार या दिवसावर भर देतो. मूल त्या घरात वाढतं, घराच्या सवयी अंगी बाणवतं आणि आई-वडिलांसारखं होत जातं. ऑर्थोडॉक्स विचार या वाढीवर भर देतो. दोन्ही पंथ दुसरी बाजू पूर्णपणे नाकारत नाहीत. पण तारण हा शब्द नेमका कशाला लावायचा, इथं वाट फुटते.

म्हणूनच बायकोशी आवाज चढवून बोलणं किंवा दारातल्या भुकेल्याला हाकलणं याचा अर्थ दोघांकडे वेगळा होतो. ऑर्थोडॉक्स माणसासाठी त्या क्षणी तारणाची वाटचालच अडखळते. प्रोटेस्टंट माणसासाठी ते झाड फळ का देत नाही, हे तपासायला लावणारं लक्षण असतं.

मग जॉन कोणाच्या बाजूचे?

हा वाद उभा राहिला तो जॉन यांच्यानंतर हजारहून अधिक वर्षांनी. त्यामुळे त्यांनी त्यावर थेट उत्तर दिलेलं नाही. त्यांच्या ग्रंथांत दोन्ही बाजूंना आधार सापडतो.

पौलाच्या पत्रांवर बोलताना माणूस कर्मांनी नाही तर विश्वासानं तारला जातो, असं ते ठामपणे सांगतात. प्रोटेस्टंट अभ्यासक या जागा दाखवतात. दुसरीकडे, आधी माणसानं चांगलं निवडावं, मग देव बळ देतो, असंही ते सांगतात. ऑर्थोडॉक्स अभ्यासकांचा आधार हा. जिनिव्हातले सुधारक जॉन कॅल्विन यांना बायबलचा अर्थ सांगण्याची क्रिसोस्टम यांची पद्धत इतकी आवडली, की त्यांच्या प्रवचनांचा फ्रेंच अनुवाद काढायचा त्यांचा विचार होता. त्याची प्रस्तावना त्यांनी लिहिलीही. पण माणसाच्या इच्छाशक्तीला क्रिसोस्टम फार महत्त्व देतात, ही तक्रारही कॅल्विन यांनी केली.

दोन्ही पंथ पहिल्यांदा सविस्तर आमनेसामने आले तेही पत्रांतूनच. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या ल्यूथरन विद्वानांनी आपल्या विश्वासाचा जाहीरनामा ग्रीक भाषेत कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क जेरेमायस दुसरे यांना पाठवला. १५७६ मध्ये पॅट्रिआर्कनी सविस्तर उत्तर दिलं. केवळ विश्वास पुरेसा नाही, त्याला कर्मांची जोड हवी, हे सांगताना त्यांनी ज्यांचे दाखले दिले त्यांत क्रिसोस्टम प्रमुख होते. पत्रव्यवहार काही वर्षं चालला. १५८१ मध्ये पॅट्रिआर्कनी नम्रपणे कळवलं, की यापुढे मैत्रीखातर जरूर लिहा, धर्ममतांवर नको.

विसाव्या शतकात हे दार पुन्हा किलकिलं झालं. १९७० पासून फिनलंडचं ल्यूथरन चर्च आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्च यांच्यात चर्चा सुरू झाल्या. फिनलंडचे अभ्यासक तुओमो मानरमा यांनी ल्यूथर यांचं नव्यानं वाचन केलं. ल्यूथर यांच्या मते विश्वासात ख्रिस्त स्वतःच माणसात वास करतो, त्यामुळे दोन्ही मतं वाटतात तेवढी दूर नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. सगळ्या ल्यूथरन अभ्यासकांना ती पटलेली नाही.

एक काळी बाजू

जॉन यांच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. अँटिओकमधले काही ख्रिस्ती लोक ज्यूंच्या सणांना आणि प्रार्थनास्थळांत जात. त्यांना रोखण्यासाठी ३८६-३८७ मध्ये जॉन यांनी केलेल्या प्रवचनांत ज्यूंबद्दल अत्यंत विखारी भाषा आहे. त्या काळी वादविवादात अशी भाषा चालायची, असं काही अभ्यासक सांगतात. पण पुढच्या शतकांत ज्यूद्वेष पसरवणाऱ्यांनी या प्रवचनांचा वापर केला, हा इतिहास आहे. घरात जिभेला आवर घाला, असं शिकवणाऱ्या माणसानं इथं स्वतःच्या जिभेला आवर घातला नाही.

आज त्यांचं स्थान काय?

ग्रीसमध्ये ३० जानेवारीला जॉन आणि इतर दोन संतांचा दिवस शिक्षणाशी जोडून पाळला जातो. अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकात त्यांच्या नावाची एक प्रार्थना आहे. १२०४ च्या धर्मयुद्धात कॉन्स्टँटिनोपलची लूट झाली आणि त्यांचे अवशेष रोमला नेले गेले, असं मानलं जातं. नोव्हेंबर २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्याकडे परत सोपवले.

मुंबई-पुण्यात दिसणारी मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चची मंडळी मूळ केरळची. हे चर्च ग्रीक किंवा रशियन चर्चच्या कुटुंबातलं नाही. ४५१ च्या धर्मसभेनंतर या दोन शाखा वेगळ्या झाल्या. जॉन त्याआधीचे असल्यानं दोन्हीकडे त्यांना मान आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळींची परंपरा मात्र एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश मिशनऱ्यांकडून आलेली आहे.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दरवर्षी ईस्टरच्या रात्री जॉन यांच्या नावानं चालत आलेलं एक छोटं प्रवचन वाचलं जातं. बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीवर ते आधारलेलं आहे. सकाळपासून राबलेला मजूर आणि शेवटच्या तासाला आलेला मजूर, दोघांनाही मालक सारखीच मजुरी देतो. ज्यांनी पूर्ण उपवास केला ते या, ज्यांनी अजिबात केला नाही तेही या आणि भरल्या ताटावर बसा, असं त्याचं सांगणं आहे. कर्मांचा हिशेब न मागणारी ही कृपा प्रोटेस्टंट कानांना अगदी ओळखीची वाटेल. ते वाचलं जातं मात्र ऑर्थोडॉक्स वेदीसमोर, चाळीसहून अधिक दिवस उपवास करून आलेल्या माणसांपुढे. आणि त्यांच्या शेजारीच उपवास न केलेलेही उभे असतात.